कारल्याची फुलगळ : औषधाआधी भागाकार बघा

पीएचडीच्या मुलाखतीत "तुमचा संशोधन प्रश्न काय?" असं विचारलं की आपल्यातले बरेच जण थेट उपायच सांगून मोकळे होतात. "अमुक फवारणीचा तमुक पिकावर परिणाम." प्रश्न मात्र राहूनच जातो. हा घोळ आज कारल्याच्या वेलावर समजून घेऊ.

माढा तालुक्यातल्या एका शेतात उभा होतो. तार-बांबूचा मंडप, दीडेक महिन्याचे वेल आणि खाली पिवळ्या फुलांचा सडा. शेतकरी काका म्हणाले, "पोरा, फुलं सगळी गळाया लागल्यात. कुठलं औषध मारू?"

पडलेली फुलं उचलून पाहिली. कारल्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलंसं कारलं आधीपासूनच असतं. नर फुलाखाली नुसता बारीक देठ. पडलेली सगळी फुलं नर होती.

यात रोग काहीच नाही. वेलावर आधी नर फुलं येतात, मादी फुलं साधारण आठवडा-दहा दिवसांनी सुरू होतात. जात आणि हवामानाप्रमाणे यात फरक पडतो. फूल पहाटे उमलतं, नर फुलाचं काम एका दिवसात संपतं आणि ते गळतं. पुढेही नर फुलांची संख्या मादीच्या कितीतरी पट राहते. दिवस मोठा आणि ऊन कडक असलं की नर फुलं आणखी वाढतात. सोलापूरचा एप्रिल-मे आठवा!

आता भागाकार बघा. समजा, वेलावर 60 फुलं आली. 57 नर, 3 मादी. तिन्ही मादी फुलांना फळ धरलं. एकूण फुलांनी भागलं तर फळधारणा 5 टक्के, मादी फुलांनी भागलं तर 100 टक्के. वेल तोच, फळंही तेवढीच. छेद चुकला की निरोगी पीक आजारी दिसतं.

खरी गंमत पुढे आहे. काकांनी त्या दिवशी औषध मारलं असतं, तर आठवड्याभरात कारली दिसायला लागलीच असती, कारण मादी फुलांची वेळच झाली होती. श्रेय मात्र बाटलीला गेलं असतं. पुढच्या हंगामात पुन्हा तोच खर्च, आणि कीटकनाशक असेल तर परागीभवन करणाऱ्या मधमाश्यांवरही घाला. "आधी-नंतर" एवढ्याच तुलनेवर विसंबायचं नाही ते यासाठी.

मग प्रयोग कसा मांडायचा? मंडपाचे सारखे भाग पाडा. कुठल्या भागावर औषध आणि कुठल्यावर नुसतं पाणी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. मंडपावर शेजारचे वेल एकमेकांत गुंततात, फवारा उडतो. म्हणून प्रयोगाचं एकक वेल नसून अख्खा भाग आहे. एका भागातले 20 वेल मोजले म्हणून 20 पुनरावृत्ती होत नाहीत, ती एकच. दोन भागांच्या मध्ये काही वेल मोजणीबाहेर सोडा. रोज सकाळी नर, मादी आणि धरलेली फळं वेगवेगळी नोंदवा.

आणि मादी फुलंच गळत असतील तर? तेव्हा खरा प्रश्न सुरू होतो. परागीभवन झालं नाही तर फुलाखालचं ते इवलं कारलं पिवळं पडून गळतं. याची चाचणी फुकट आहे : सकाळी ताजं नर फूल तोडून त्याचे पराग काही मादी फुलांना हलकेच लावा, त्यांना दोरा बांधा. त्यांची फळं धरली आणि बाकीची गळली, तर मधमाश्या कमी पडतायत असा संशय घ्यायला जागा आहे. दोन्ही गळली, तर पाणी, ऊन, खत, फळमाशी यांच्याकडे वळायचं.

काकांना मी एवढंच सांगितलं, "आठ दिवस थांबा, आणि रोज फुलाखाली कारलं आहे का ते बघा." तुम्ही विषयाचा प्रस्ताव लिहाल तेव्हा पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहा : मी नेमकं काय मोजणार आणि त्याला कशाने भागणार. त्यांची उत्तरं मिळेपर्यंत फवारणीचं नाव काढू नका.