शिळ्या पावाचे पुडिंग : सुट्टीतले सोपे पक्वान्न



दसरा उलटला की आपल्या भागात दोन गोष्टींची गडबड एकदमच सुरू होते. एकीकडे दिवाळी तोंडावर येते आणि दुसरीकडे गळिताचा हंगाम. घरचा कर्ता माणूस तोडीच्या मागे, फडात टोळी उतरलेली, आणि नेमकी त्याच सुमारास सुट्टी लागून पुण्या-मुंबईची लेकरं अन् माहेरवाशिणी घरी आलेल्या. लाडू-करंज्यांचा डबा चार दिवसांत तळाला जातो. पाहुणे मात्र नाताळाच्या सुट्टीपर्यंत येतच राहतात. अशा वेळी रोज पुरण कोण वाटणार? आणि लेकरं तर "आज गोड काय?" म्हणून विचारल्याशिवाय राहत नाहीत.

दुसरी एक गोष्ट आता खेड्यातल्या घरातही दिसू लागली आहे. एस.टी. स्टँडवरून किंवा बाजारातून ब्रेड येतो, पहिल्या दिवशी चहाबरोबर हौसेने खाल्ला जातो आणि उरलेले स्लाइस तिसऱ्या दिवशी गुरांपुढे नाही तर उकिरड्यावर जातात. शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून लाडू करणारी आपली माणसं, पण शिळ्या ब्रेडचं काय करावं हे काही आपल्याला सुचत नाही. त्यावरचा सोपा उपाय म्हणजे पुडिंग. या लेखात ते कसं करायचं एवढंच नव्हे, तर प्रत्येक पायरी तशीच का, हेही सांगितलं आहे. कारण कळलं की जिन्नस बिघडत नाही.

हा पदार्थ आपल्याला परका नाही

पुडिंग म्हटलं की साहेबाचा पदार्थ वाटतो. नाव विलायती आहे हे खरं, आणि शिळा पाव दूध-अंड्यात भिजवून शिजवण्याची ही रीत इंग्रजांच्या स्वयंपाकघरातली आहे हेही खरं. खुद्द "पाव" हा शब्दही पोर्तुगीजांकडून गोव्यामार्गे आला. पण आपला धाराशिव जिल्हा १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे विसरून चालणार नाही. त्या हैदराबादेत पावाला "डबल रोटी" म्हणत आणि तिच्यापासून होणारं "डबल का मीठा" हे लग्नाच्या नि ईदच्या जेवणातलं मानाचं पक्वान्न. पावाचे तुकडे तुपात तांबूस तळायचे, साखरेच्या वेलदोडे घातलेल्या पाकात बुडवायचे, वर आटवलेलं दूध घालून मंद आचेवर मुरू द्यायचे. झालं! म्हणजे पाव, दूध आणि साखर यांची सोयरीक आपल्या मुलखात जुनीच आहे. पुडिंग हा तिचाच कमी तुपातला, कमी खटपटीचा भाऊबंद समजा.

साहित्य (सहा माणसांसाठी)

एक दिवसाचे शिळे ब्रेडचे स्लाइस ६, दूध अर्धा लिटर, अंडी ३, साखर १०० ग्रॅम (पाऊण वाटी), वरच्या तांबूस पाकासाठी आणखी ५० ग्रॅम साखर (चार मोठे सपाट चमचे), तूप एक चमचा, थोडे बेदाणे, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर जायफळ. अंडी चालत नसलेल्या घरांसाठी वेगळी रीत पुढे दिली आहे.

एक हिशेब इथंच करून टाकू. शंभर किलो उसातून साधारण दहा-अकरा किलो साखर निघते. तेव्हा या एका पुडिंगात जवळजवळ दीड किलो ऊस गेला असं समजायला हरकत नाही. बांधावरची एक चांगली जाड कांडकी ताटात आली म्हणा ना!

पहिली पायरी : साखर जाळणे

पुडिंग ज्या स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या डब्यात करायचं, त्यातच ५० ग्रॅम साखर कोरडी घालून डबा मंद आचेवर ठेवा. पाणी घालायचं नाही. कडेची साखर आधी वितळेल. चमच्याने ढवळत न बसता डबा चिमट्यात धरून हलके तिरका करत राहा. साखर मधासारखी तांबूस झाली की लगेच खाली उतरवा आणि डबा फिरवून तळाला सगळीकडे पाक पसरवा. आणखी अर्धा मिनिट राहिला तर काळा पडतो आणि कडू लागतो. मग तो फेकून नव्याने करावा, हाच शहाणपणा.

इथे कारखान्याची आठवण येते. आपल्या कारखान्यात उसाचा रस उघड्या कढईत उकळत नाहीत. पॅनमधली हवा ओढून घेऊन दाब कमी करतात, त्यामुळे पाक ६५-७० अंशांच्या आसपासच उकळतो. असं का? तर जास्त उष्णतेने साखर फुटते, रंग धरते आणि नुकसान होतं. पांढरी दाणेदार साखर हवी म्हणून तिथं एवढी दक्षता घेतात. घरी मात्र आपण तीच साखर १६० अंशांच्या पुढे नेऊन मुद्दाम तांबूस करतो, कारण साखर फुटताना जो खमंग वास आणि किंचित कडसर चव तयार होते, तीच या पुडिंगाची खरी ओळख. जे कारखान्यात नुकसान, ते पातेल्यात पक्वान्न!

पण सांभाळून. उकळतं पाणी १०० अंशांचं असतं, हा पाक त्याहून कितीतरी गरम असतो आणि अंगावर पडला तर चिकटून बसतो. या वेळी लेकरांना चुलीजवळ येऊ देऊ नये, आणि "चाटून बघू" म्हणून बोट तर मुळीच लावू नये. चुकून भाजलंच तर भाजलेली जागा वाहत्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरावी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई असलं काही लावू नये. भाजणं मोठं असेल तर दवाखाना गाठावा.

दुसरी पायरी : पाव भिजवणे

दूध तापवून कोमट होऊ द्यावं, त्यात १०० ग्रॅम साखर विरघळवावी. वेगळ्या भांड्यात अंडी फोडून काट्याने किंवा रवीने हलक्या हाताने फेटावी. फेस काढायचा नाही, कारण फेसाचे बुडबुडे शिजताना जाळी पाडतात. मग अंड्यात थोडं थोडं दूध ओतत ढवळावं आणि सगळं गाळून घ्यावं. दूध कडकडीत असेल तर अंडं तिथल्या तिथं शिजून गुठळ्या होतात, म्हणून कोमट.

ब्रेडचे तुकडे करून डब्यात पाकावर मांडावे, मध्ये बेदाणे पेरावे, वेलदोडा-जायफळाची पूड भुरभुरावी, वरून दूध ओतावं आणि चमच्याने हलकं दाबून अर्धा तास तसंच मुरू द्यावं. वर तुपाचे थेंब सोडावे.

शिळाच पाव का? ताजा पाव मऊ असतो, दुधात पडताच त्याचा लगदा होतो. पाव शिळा होतो तेव्हा नुसतं पाणी उडून जात नाही. त्यातली पिठूळ साय पुन्हा घट्ट बसते आणि पाव कडक होतो. असा पाव दूध पिऊनही आकार सोडत नाही. आपल्या शिळ्या भाकरीचा काला ताज्या भाकरीपेक्षा चांगला होतो, त्यातलं मर्म हेच. मात्र शिळा म्हणजे बुरसटलेला नव्हे. एका स्लाइसवर जरी हिरवा-काळा ठिपका दिसला तरी तेवढाच भाग खुडून बाकीचा वापरू नये. बुरशीचे धागे आत पसरलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. तो पुडा सरळ टाकून द्यावा. काटकसर जिवावर बेतेल अशी करायची नसते.

तिसरी पायरी : वाफवणे

कुकरमध्ये अडीच-तीन वाट्या पाणी घालून जाळी ठेवावी, पाणी उकळलं की डबा घट्ट झाकून आत ठेवावा. झाकण लावलेलं नसेल तर वाफेचं पाणी पुडिंगात टपकून ते पचपचीत होतं. कुकरची शिट्टी काढून ठेवावी आणि मंद आचेवर ३० ते ३५ मिनिटं वाफवावं. कुकर नसेल तर मोठ्या पातेल्यात असंच करता येतं. फक्त पाणी आटत नाही ना, तेवढं मध्ये बघावं.

शिट्टी का काढायची, हे मी अनुभवाने शिकले. पहिल्यांदा केलं तेव्हा वरण-भातासारख्या तीन शिट्ट्या काढल्या. उघडून पाहते तर पुडिंगाला चाळणीसारखी भोकं पडलेली आणि तळाला पाणी सुटलेलं! सासूबाई म्हणाल्या, "हे काय ढोकळ्यासारखं झालंय?" कारण नंतर कळलं. दुधात कालवलेलं अंडं ८०-८५ अंशांच्या आसपास छान घट्ट बसतं. शिट्टीच्या कुकरात उष्णता १२० अंशांपर्यंत जाते, तेव्हा अंडं आवळून बसतं आणि धरून ठेवलेलं पाणी सोडून देतं. नरम आच हाच इथला गुरुमंत्र.

मधोमध सुरी खुपसून बघावी. स्वच्छ बाहेर आली की झालं. थंड झाल्यावर कडेने सुरी फिरवून ताटावर उपडं करावं. तळाचा पाक आता वर येतो आणि चारही बाजूंनी ओघळतो. ते पाहूनच लेकरं ताटाभोवती गोळा होतात.

अंडी चालत नसतील तर

आपल्याकडे माळकरी घरं पुष्कळ, जैन आणि लिंगायत कुटुंबंही आहेत. त्यांनी ही रीत करावी. अर्ध्या लिटर दुधातलं अर्धी वाटी थंड दूध बाजूला काढून त्यात दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर कालवावी. बाकीचं दूध उकळून त्यात ८० ग्रॅम साखर घालावी, मग कालवलेली पावडर ओतून दोन-तीन मिनिटं ढवळत शिजवावं. पावडर गरम दुधात टाकली तर गाठी होतात, म्हणून आधी थंड दूध. ही पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं सत्त्व, रंग आणि सुवास. घट्टपणा येतो तो मक्यामुळे. उतरवल्यावर त्यात १०० ग्रॅम खवा कुस्करून मिसळावा. भूम-कुंथलगिरीकडच्या खव्याचं नाव सगळीकडे आहे, तो घरच्या पक्वान्नात पडला तर आणखी काय हवं? हे गरम मिश्रण तुपावर परतलेल्या ब्रेडच्या तुकड्यांवर थराथराने ओतावं आणि गार जागी दोन-तीन तास बसू द्यावं. वाफवायची गरज नाही.

साखरेऐवजी गूळ घालायचा असेल तर एक पथ्य पाळावं. उकळत्या दुधात गूळ टाकू नये, दूध नासतं. गुळात थोडी आंबट बाजू आणि क्षार असतात, ते गरम दुधाला फाडतात. दूध पूर्ण निवलं की मगच किसलेला गूळ घालावा.

किती खावे

ऊस आपला, कारखाना आपला, म्हणून साखर कितीही खावी असं नाही. वरच्या प्रमाणात सहा वाटे केले तर एका वाट्यात २५ ग्रॅम साखर येते. प्रौढ माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एक वाटा खाल्ला की दिवसाची निम्मी साखर झाली. त्या दिवशी चहा जरा फिका घ्यावा. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच चव घ्यावी. उरलेलं पुडिंग फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावं. दूध-अंड्याचा जिन्नस बाहेर रात्रभर ठेवू नये.

जाता जाता

ज्यांना दात नाहीत, भाकरी चावत नाही, अशी म्हातारी माणसं घरोघरी आहेत. सणाच्या ताटात लाडू-चकली वाढली की ती नुसती बघत बसतात. पुडिंग मात्र त्यांना जिभेने दाबून खाता येतं. आमच्या घरी पहिला वाटा सासूबाईंचा असतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या त्या. सुकडीवर आणि लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढले, सांडलेला कण उचलून तोंडात टाकला, असं त्या सांगतात. ताटात पुडिंग आलं की प्रत्येक वेळी विचारतात, "शिळ्या पावाचंच ना?" हो म्हटलं की मगच चमचा उचलतात.

त्यांना ते गोड लागतं ते नुसत्या साखरेने नव्हे. टाकून द्यायचं अन्न पोटात गेलं, हे त्यातलं खरं समाधान. ज्या जिल्ह्यात पाण्याच्या प्रत्येक पाळीचा हिशेब करून ऊस वाढवावा लागतो, तिथं साखरेचा चमचा काय आणि पावाचा तुकडा काय, दोन्ही जपूनच वापरायचे. येत्या सुट्टीत एकदा करून पाहा. पहिल्यांदा जमलं नाही तरी खचू नका, आच तेवढी मंद ठेवा.