कुंभाराच्या घरचा राजा

लग्नपत्रिका असो की पंचांग, मराठी घरातली तिथी एका राजाचे नाव घेतल्याशिवाय पुरी होत नाही. तो राजा म्हणजे पैठणचा शालिवाहन! दिवाळीच्या पाडव्याला विक्रम संवत बदलतो, गुढीपाडव्याला शालिवाहन शक. हे दोघे एकमेकांशी लढले, अशी आपली जुनी कथा. उज्जयिनीचा विक्रम पैठणवर चालून आला, तेव्हा कुंभाराच्या घरी वाढलेल्या एका पोराने मातीचे हत्ती, घोडे आणि शिपाई केले, त्यांत प्राण फुंकले आणि विक्रमाला पिटाळून लावले.

इथे छत्रपती संभाजीनगरात मी मराठी शिकवतो. पैठण इथून सुमारे ५० किलोमीटर. त्यामुळे दरवर्षी वर्गात ही कथा निघते आणि हिशेब मांडावा लागतो. विक्रम संवत इसवी सनापूर्वी ५७ चा, शक इसवी सन ७८ चा. अंतर १३५ वर्षांचे! मग लढाई झाली कशी? शिवाय हा शक मुळात सातवाहनांच्या शत्रूंचा, शकांचा, असे बहुतेक इतिहासकार मानतात. शालिवाहनाचे नाव त्याला कित्येक शतकांनी जोडले गेले.

मागे एकदा हा हिशेब फळ्यावर मांडला, तेव्हा पैठणकडचा एक कुंभाराचा मुलगा उठून म्हणाला, ‘‘सर, मग आमच्या घरातला राजा खोटाच का?’’

प्रश्न साधा नव्हता. मी त्याला जुन्नरजवळच्या नाणेघाटाची हकिगत सांगितली. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेने आपल्या घराण्याचे पुतळे कोरवून घेतले होते. पहिला सिमुक सातवाहन. आज ते पुतळे राहिलेले नाहीत. वर कोरलेली नावे मात्र आहेत. पुराणे या घराण्याला आंध्र म्हणतात, पण त्याने स्वतःला सातवाहन म्हणवले. हे नाव देणारा मूळपुरुष कोण? ‘सातवाहन’ हे नाव असलेली नाणी सापडली आहेत. त्यांवरून वा. वि. मिराशींनी सिमुकाच्याही आधीचा एक सातवाहन राजा मानला. इतरांना ते पटले नाही. ‘कथासरित्सागर’ तर सांगते, की सात नावाचा यक्ष सिंहरूपाने ज्याला पाठीवर वाहून नेई, तो सातवाहन!

तेव्हा मी त्या मुलाला म्हणालो, ‘‘बाबा रे, मातीच्या फौजेचा पुरावा मी देऊ शकणार नाही, आणि खोटा देणारही नाही. पण एक विचार कर. आपला पहिला राजा कुठे वाढला, हे लोकांनी आपल्या मनाने ठरवले. राजवाडा त्यांना सहज सुचला असता. त्यांनी त्याला कुंभाराच्या अंगणात वाढवला आणि त्याच्या हाती तलवारीआधी चिखल दिला. राजाचे खरेखोटे इतिहास बघेल. लोकांनी तुमचे घर निवडले, हे मात्र खरेच आहे.’’

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने विचारले, ‘‘सर, नाणेघाटाला जायला वाट कुठून आहे?’’