लाफिंग गॅस आणि आईचं ऑपरेशन

मंडे मॉर्निंग, मीटिंग ऐन रंगात, आणि मालेगावहून आईचा फोन. (नाशिकचं नाही हो, आपलं वाशिमचं!) "ऑपरेशन ठरलं बाळा. भूल देणार म्हणतात." झालं, तुमच्या पोटात गोळा!

भुलीसाठी वापरतात त्यातलाच एक नायट्रस ऑक्साइड, ऊर्फ लाफिंग गॅस. १७९९ मध्ये इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीनं तो स्वतः हुंगला आणि अक्कलदाढेचा ठणका कमी झाला. शस्त्रक्रियेत याचा उपयोग होईल, असं त्यानं १८०० मध्ये लिहूनही ठेवलं. लोकांनी काय केलं? पार्ट्या! ४४ वर्षांनी, ११ डिसेंबर १८४४ ला, होरेस वेल्स या अमेरिकन डेंटिस्टनं तो हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली.

गोची एकच. नुसता गॅस दिला की पेशंट निळा पडायचा. १८६८ मध्ये शिकागोच्या एडमंड अँड्र्यूज यांनी त्यात ऑक्सिजन मिसळला आणि मोठ्या ऑपरेशनची वाट मोकळी झाली. आजही नियम तोच. शेवटी नायट्रस बंद करून काही मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात, कारण रक्तातून परतणारा गॅस फुप्फुसात गर्दी करतो. त्याच्या निळ्या सिलिंडरच्या पिनांची जागाही वेगळी असते. ऑक्सिजनच्या जागी तो बसूच नये म्हणून.

हा गॅस शरीरातलं बी-१२ निकामी करतो. तेव्हा आईला एवढंच सांगा, बी-१२ कमी असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांग.

आणि पार्टीत कुणी या गॅसचा फुगा पुढे केला, तर? सरळ नाही म्हणा. तिथे ऑक्सिजन घेऊन कुणी उभं नसतं.