हौदाचा काठ

जुन्या कचरागाड्यांचे फोटो काढणारी माणसं गाडीच्या तोंडाशी फारशी थांबत नाहीत, ती थेट मागे जातात. फाळका, हौदाचा काठ, डबे आपटून आपटून त्या काठाला पडलेले पोचे, उडालेल्या रंगाखालून डोकावणारा आधीचा रंग, रिव्हेट मारून बसवलेली कारखान्याची पट्टी. कॅमेरा तिथे रेंगाळतो. ब्रिटन, जर्मनी, अमेरिकेत असे छांदिष्ट बरेच आहेत. सुट्टीच्या दिवशी भंगारवाल्याची परवानगी काढून आवारात शिरायचं, गवतात रुतलेल्या गाडीला चारी बाजूंनी फेरी मारायची, शेजारी गंजत पडलेला जुना डबाही टिपायचा. गाड्यांच्या वेडाचाच हा एक फाटा असेल असं मलाही आधी वाटलं होतं. पण असे शेकडो फोटो पाहत गेलो आणि त्यांत गाडीपेक्षा गाडीमागचा माणूस जास्त दिसायला लागला.

आगीचा बंब निवृत्त झाला की त्याला पॉलिश करून कुठेतरी मांडून ठेवतात. जुन्या बसगाड्यांनाही चाहते मिळतात. कचरागाडी मात्र पत्रा आतून सडेपर्यंत राबते आणि तिथून भंगारात जाते. लंडन ते ब्रायटन ही जुन्या मालवाहू गाड्यांची फेरी १९६२पासून निघते, तिच्यात क्वचित एखादी जपलेली कचरागाडी दिसते. बाकीच्यांचा पुरावा म्हणजे हे फोटोच.

मी या फोटोंत आता पहिल्यांदा काठाची उंची बघतो. शेजारी माणूस उभा असेल तर ती सहज कळते: गुडघा, कंबर, छाती की डोक्याच्या वर. घोड्यांच्या गाड्यांची चाकं मोठी, म्हणून काठ उंच. भरलेली पाटी खांद्यावर घेऊन शिडी चढायची आणि वर नेऊन ओतायची. ब्रिटनमध्ये कचऱ्याच्या डब्याला ‘डस्टबिन’ आणि तो उचलणाऱ्याला ‘डस्टमन’ म्हणतात, त्यातली ‘डस्ट’ म्हणजे घरोघरच्या शेगड्यांमधली कोळशाची राख. जस्ताचा मुलामा दिलेला पत्र्याचा डबा मुळातच जड, त्यात राख गच्च भरलेली. दिवसातून असे किती डबे त्या खांद्यावर चढत असतील!

हा काठ खाली आणणाऱ्या गाडीवर या मंडळींचा विशेष जीव आहे. लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ नावाचं उद्याननगर आहे. तिथे हॅरी शेल्व्होक आणि जेम्स ड्र्यूरी या दोघांनी कारखाना काढला आणि १९२३च्या सुमारास ‘फ्रेटर’ नावाची गाडी रस्त्यावर आणली. फोटोत ती गाडीपेक्षा खेळण्यासारखी वाटते. इवलीशी चाकं, त्यांवर भरीव रबराचे टायर, जमिनीला टेकल्यासारखा हौद. ट्रामला असतात तसे दोन उभे दांडे चालकाच्या हाताशी, स्टिअरिंगचं गोल चाक नाहीच. वेग अगदी बेताचा, पण दर चार पावलांवर थांबणाऱ्या गाडीला वेग हवाय कशाला? शेल्व्होक आणि ड्र्यूरी यांना हे नेमकं उमगलं होतं. चाकं लहान केली म्हणून हौद खाली आला, आणि हौद खाली आला म्हणून डबा जमिनीवर उभं राहूनच ओतता येऊ लागला. शिडीची गरजच संपली. ब्रिटनमधल्या कितीतरी नगरपालिकांनी ही गाडी घेतली.

तिच्या ठेंगणेपणाची एक हकीकत मला फार आवडते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंग नावाचं गाव आहे, निवृत्त माणसांचं. बसची पायरी चढणं म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांना शिक्षाच. १९२४मध्ये तिथे याच फ्रेटरच्या सांगाड्यावर प्रवासी डबा चढवून समुद्रकाठाने सेवा सुरू झाली. ट्रामसारखे दांडे, म्हणून नाव पडलं ‘ट्रामोकार’. कामगाराचा खांदा वाचवणाऱ्या ठेंगण्या सांगाड्याने आजीआजोबांचे गुडघेही सांभाळले.

पुढे कचराच बदलला. डिसेंबर १९५२मध्ये धुरकट धुक्याने लंडनमध्ये हजारो माणसं दगावली, १९५६मध्ये शुद्ध हवेचा कायदा आला आणि घरातल्या कोळशाच्या शेगड्या हळूहळू विझल्या. डब्यातली राख कमी झाली, कागद आणि खोकी वाढली. वजन घटलं पण जागा जास्त लागू लागली. पोत्यात धान्य भरताना आपण पोतं उचलून आपटतो, म्हणजे दाणे खाली बसतात आणि वर जागा होते. लेचवर्थच्या कारखान्याच्या एका गाडीची युक्ती तीच. भरलेला हौद पुढच्या बाजूला कलता करायचा, कचरा पुढे सरकून दाबला जायचा. रिकामा करताना तोच हौद मागे कलता करायचा.

अमेरिकेत हेच काम हायड्रॉलिक दाबाने आधीच सुरू झालं होतं. डेट्रॉइटच्या गार वूड कंपनीने १९३८मध्ये ‘लोड पॅकर’ आणला. मागच्या ठेंगण्या तोंडात कचरा टाकायचा, लोखंडी पातं तो ओढून आत दाबून बसवतं. कंपनीचा धनी गार वूड म्हणजे मोटारबोटीतून पाण्यावर ताशी १०० मैलांचा वेग पहिल्यांदा ओलांडणारा माणूस. त्याचा पैसा मात्र कोळशाच्या ट्रकचा हौद उचलणाऱ्या हायड्रॉलिक जॅकमधून आला होता. आज आपल्या रस्त्यांवर दिसणारा कॉम्पॅक्टर याच घराण्यातला.

डब्यांचे फोटो काढणारे तर गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांहून चिकाटीचे, आणि डब्यालाही गाडीसारखाच इतिहास आहे. पॅरिसचे प्रशासक यूजेन पूबेल यांनी नोव्हेंबर १८८३मध्ये हुकूम काढला, की घरमालकांनी भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवावेत, तेही तीन: नासका कचरा एकात, कागद-चिंध्या दुसऱ्यात, काच, फुटकी भांडी आणि कालवांच्या शिंपा तिसऱ्यात. घरमालक चिडले, चिंध्या वेचून पोट भरणारे त्याहून चिडले, कारण त्यांची रोजी झाकणाखाली गेली. वेचणाऱ्यांचा राग मला रास्त वाटतो. सुका कचरा वेगळा करून जगणाऱ्यांना विचारात न घेता आखलेली व्यवस्था पुण्यामुंबईनेही पाहिली आहे. फ्रेंचमध्ये आजही कचऱ्याच्या डब्याला ‘पूबेल’च म्हणतात. चाकांचा प्लॅस्टिकचा डबा १९६८मधला, इंग्लंडमधल्या स्लाव गावच्या एका कारखान्याने माल इकडून तिकडे न्यायला बनवलेला. तो गाडीच्या आकड्याला अडकवला की माणसाला उचलावं लागत नाही.

आपल्याकडे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले. त्यांचा कॅमेरा गाडीसाठी आलेलाच नव्हता, तो माणसांसाठी आला होता. लेचवर्थच्या गाडीच्या काठाला पडलेले पोचे पाहताना मला तेच फोटो आठवतात. मुंबईत कचरा गाडीत चढवणाऱ्या कामगाराच्या हुद्द्याचं नाव ‘मोटर लोडर’.

आमच्या गल्लीत मोठी गाडी शिरत नाही, छोटा टेम्पो येतो. जास्त माल मावावा म्हणून त्याच्या हौदाला चारी बाजूंनी पत्रे लावून उंची वाढवलेली आहे. एक जण वर उभा राहतो, दुसरा खालून पाटी देतो. परवा मी फोटो काढू का म्हणून विचारलं. खालचे दादा लगेच केस सारखे करून टेम्पोच्या तोंडाशी, दाराला हात लावून उभे राहिले. म्हटलं, “दादा, मागे या ना, फाळक्यापाशी.”

“मागे? मागे घाण आहे.”

तरी आले. काठ त्यांच्या डोक्याच्या वीतभर वर होता. मी दोन पावलं मागे सरकलो, म्हणजे त्यांचे पाय, हातातली पाटी आणि तो काठ एका चौकटीत मावतील.