लेखांक ६ : अठराव्या वर्षानंतर

मागच्या आठवड्यात आपण जन्मानंतरच्या पहिल्या काही मिनिटांबद्दल वाचलं. बाळ रडत नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडतो आणि काही महिन्यांनी डॉक्टर ‘सेरेब्रल पाल्सी’ म्हणतात. आज पैशाबद्दल बोलू. यावरच्या संशोधनाला सरकारी पैसा कुठपर्यंत पोचतो?

तान्ह्या बाळापर्यंत थोडाफार पोचतो, तोही अनेकदा परक्या तिजोरीतून. श्रीमंत देशांत जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं शरीर तीन दिवस थंड ठेवतात, त्यामुळे मेंदूची इजा कमी होते. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सरकारी रुग्णालयांत हाच उपाय ४०८ बाळांवर तपासला गेला. या ‘हेलिक्स’ चाचणीचा निष्कर्ष २०२१ साली आला : इथे फायदा झाला नाही, उलट थंड ठेवलेल्या बाळांमध्ये मृत्यू जास्त झाले. आपल्या बाळांसाठी याहून मोलाची माहिती कोणती? पण त्या खर्चात ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधीचा वाटा होता.

मेंदूची इजा पुढे वाढत नाही. शरीर मात्र बदलत राहतं. स्नायू आखडतात, खुबा हळूहळू निखळतो, ऐन तिशीत सांधे दुखू लागतात, चालणारा माणूस थकून बसतो. यातलं बरंच टाळता येतं. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा प्रत्येक मुलाची नोंद ठेवून खुब्याचे एक्स-रे ठरावीक काळाने काढले जातात. तिथे खुबा पूर्ण निखळणं जवळजवळ थांबलं. त्यासाठी नवं औषध लागलं नाही, वर्षानुवर्षं चालू ठेवलेली नोंद लागली. आता ते प्रौढांचीही नोंद ठेवतात.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात. काम चांगलं आहे, पण मर्यादा अठरा वर्षांची. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) तर त्याआधीच धागा तुटतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. आईबाप कोपीवर, मूलही कोपीवर. फिजिओथेरपी सुटते ती हंगाम संपेपर्यंत, आणि वाढत्या वयात तेवढे महिने पाय आखडायला पुरतात. अठरा ओलांडल्यावर या मुलाची गाठ पडते ती कागदांशी : अपंगत्वाचा दाखला, संजय गांधी निराधार योजना, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमण्याचा अर्ज. तहसीलदाराच्या यादीत त्याचं नाव असतं. त्याच्या खुब्याचं काय झालं, हे कुठल्याच यादीत नसतं.

संशोधनाचे प्रकल्प बहुधा तीन-चार वर्षांपुरते मंजूर होतात. चाळीस वर्षं सोबत राहणाऱ्या अवस्थेचा अभ्यास तेवढ्यात कसा व्हावा? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एखाद्या जिल्ह्याची आयुष्यभराची नोंदवही हाती घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं; आणि तो जिल्हा नगर असावा. इथे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, अनेकदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं, आणि ते काम जगाने पाहिलं. बांगलादेशात २०१५ मध्ये सेरेब्रल पाल्सीची नोंदवही सुरू झाली, तीही गावातल्याच माणसांना हाताशी धरून. मात्र ती फक्त मुलांची आहे. आपल्या आशाताईंना घरं माहीत आहेत, कोण कुठल्या कारखान्यावर गेलं तेही माहीत असतं. त्यांना या कामाचा वेगळा मोबदला मिळाला पाहिजे. आणखी एक फुकटचं रजिस्टर त्यांच्या माथी मारून हे होणार नाही.

त्या वहीत विसाव्या, तिसाव्या, चाळिसाव्या वर्षीचे प्रश्न हवेत : दुखतं कुठे, गिळता येतं का, काम मिळालं का, आई साठीची झाल्यावर उचलून कोण घेतं.

पुढच्या आठवड्यात : निरामय विमा आणि पालकत्वाचे कागद.