बोर, इंच आणि मिलिमीटर : पिस्तुलाच्या मापांची भाषा

‘१२ बोरची बंदूक’ आणि ‘३२ बोरचे रिव्हॉल्व्हर’ हे दोन्ही प्रयोग मराठी वृत्तपत्रांतून आणि पोलिसी पंचनाम्यांतून नित्य आढळतात. एकच शब्द, एकच रचना आणि दोन आकडे. यावरून ३२ बोरची नळी १२ बोरच्या नळीहून रुंद असली पाहिजे, असा तर्क सामान्य वाचकाने केला तर तो भाषेच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. १२ बोरच्या नळीचा आतील व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो, तर ३२ बोरच्या रिव्हॉल्व्हरचा ८ मिलिमीटरच्याही आत येतो. या दोन प्रयोगांत ‘बोर’ हा शब्द एक असला तरी त्यामागील मोजण्याच्या पद्धती दोन आहेत. आणि त्या वेगळ्या न ओळखल्याने होणारा घोटाळा केवळ शब्दकोशापुरता राहत नाही.

यातील जुनी पद्धत वजनाची. तिचे मूळ तोफखान्यात आहे. आजच्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील घोडबंदरचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, आणि भाईंदरच्या खाडीपलीकडील वसई मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या स्वाधीन झाली. त्या काळातील युरोपीय तोफांची प्रतवारी नळीच्या व्यासावरून नव्हे, तर गोळ्याच्या वजनावरून होत असे. ‘बारा पौंडी तोफ’ या प्रयोगात ती पद्धत मराठीतही शिल्लक आहे. शब्दांच्या प्रवासातही या संघर्षाच्या आणि सहवासाच्या खुणा दिसतात. ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे शब्द पोर्तुगीजांतील ‘पिस्तोला’ व ‘कार्तूशु’ यांवरून आले. ‘तोफ’ तुर्की, तर ‘बंदूक’ अरबीतून फारसीमार्गे आलेला. या शेवटच्या शब्दाचा मूळ अर्थ एक प्रकारचे कवचीचे फळ असा असून, त्यावरून तो प्रथम गोळीला आणि नंतर गोळी फेकणाऱ्या हत्याराला लागला. म्हणजे हत्याराची ओळख गोळीवरून करण्याची रीत शब्दाच्या मुळातच आहे.

खांद्याच्या बंदुकीसाठी हाच हिशेब उलट्या अंगाने मांडला गेला. एक पौंड शिशाच्या समान वजनाच्या बारा गोळ्या पाडल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती १२ बोरची नळी. सोळा गोळ्या पाडल्यास प्रत्येक गोळी लहान होते, म्हणून १६ बोरची नळी अधिक अरुंद. या पद्धतीत आकडा वाढला की नळी घटते, आणि तीही सरळ प्रमाणात नव्हे, तर व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. त्यामुळे १२ बोरचा व्यास ०.७२९ इंच आणि १६ बोरचा ०.६६२ इंच येतो. याच गणिताने खरोखरीची ३२ बोरची नळी काढली तर तिचा व्यास ०.५२६ इंच, म्हणजे सुमारे १३.४ मिलिमीटर भरेल. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत हे अभिप्रेत नसते. तेथील ‘३२’ हा ०.३२ इंचाचा अपभ्रंश आहे. दशांशचिन्ह गळाले, ‘इंच’ गळाला, आणि मोकळ्या जागी बंदुकीच्या परिभाषेतील ‘बोर’ येऊन बसला.

दुसरी पद्धत इंचाची आणि तिसरी मिलिमीटरची. पहिली इंग्लंड-अमेरिकेत रूढ झाली, दुसरी युरोपच्या मुख्य भूमीवर. दोन्ही व्यास सांगतात असे दिसते, परंतु तेही पूर्णांशाने खरे नाही. ०.३८ या नावाच्या काडतुसातील गोळीचा व्यास प्रत्यक्षात ०.३५७ इंचाच्या आसपास असतो. एकोणिसाव्या शतकातील जुन्या काडतुसांत गोळी कवचाच्या बाह्य व्यासाएवढीच जाड असे. पुढे ती कवचाच्या आत बसवण्यात आली, साहजिकच ती बारीक झाली. नाव मात्र जुनेच राहिले. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला, तरी खोबऱ्याच्या आणि करडईच्या तेलाला तेलच म्हणतात. शब्दाची व्युत्पत्ति वस्तूचा इतिहास सांगते, तिचे वर्तमान नव्हे. काडतुसाच्या आकड्याचेही तसेच आहे.

आता ०.३५७ इंच म्हणजे ९.०७ मिलिमीटर, आणि ९ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसातील गोळी ९.०१ मिलिमीटरची. फरक मिलिमीटरच्या शतांशांत मोजावा असा. तथापि ९ मिलिमीटरचे कवच १९ मिलिमीटर लांब व बाहेर आलेल्या कडेवाचून असते, तर ०.३८ स्पेशल या काडतुसाचे कवच सुमारे २९ मिलिमीटर लांब आणि कडेचे असते. एकाचे काडतूस दुसऱ्याच्या हत्यारासाठी नाही. याहून फसवे उदाहरण भारतातच आहे. कानपूरच्या कारखान्यात तयार झालेले ०.३२ चे रिव्हॉल्व्हर आणि ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेले ०.३२ चे पिस्तूल ही दोन्ही बोलण्यात ‘३२ बोर’च, पण पहिल्याचे काडतूस लांब व कडेचे, दुसऱ्याचे आखूड. केवळ आकडा सांगून काडतुसे मागणारा मनुष्य चुकीची वस्तू घेऊन परतू शकतो, आणि अशी चूक हातात फुटण्याची शक्यता असते.

आकड्याच्या मोठेपणावरून हत्याराची शक्ती ठरवण्याची चूक लष्करांनीही केली आणि सुधारलीही. गोळीची ऊर्जा तिच्या वस्तुमानावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. ०.४५ च्या अमेरिकन पिस्तुलाची सुमारे १५ ग्रॅमची गोळी सेकंदाला २५५ मीटरच्या आसपास वेगाने जाते. ९ मिलिमीटरची सुमारे ८ ग्रॅमची गोळी ३५० मीटरच्या आसपास. दोहोंची ऊर्जा पाचशे ज्यूलच्या जवळपास, जवळजवळ सारखीच येते. ०.३२ च्या पिस्तुलाची ऊर्जा मात्र यांच्या सुमारे एकतृतीयांश. फिलिपाइन्समधील लढायांत ०.३८ ची गोळी अपुरी पडते अशी तक्रार झाल्यावर अमेरिकन सैन्याने १९०४ मध्ये प्रयोग करवून मोठ्या गोळीचा पक्ष घेतला, आणि १९११ चे ०.४५ चे पिस्तूल स्वीकारले. ब्रिटिश सैन्य उलट दिशेने गेले. पहिल्या महायुद्धातील ०.४५५ चे वेब्ली रिव्हॉल्व्हर वजनाने जड होते आणि धक्काही जोरात देई. अल्प शिक्षण मिळालेल्या शिपायाचा नेम त्याने लागत नसे. म्हणून १९३० नंतरच्या वर्षांत ०.३८ चे एनफिल्ड आले. नेमाने लागलेली लहान गोळी ही हुकलेल्या मोठ्या गोळीपेक्षा बरी, हे त्यामागील सूत्र होते.

अखेरीस जगातील बहुसंख्य सैन्यांनी ९ मिलिमीटरचे काडतूस पत्करले; अमेरिकेनेही १९८५ मध्ये तेच केले. भारतीय सेनेने दीर्घकाळ वापरलेले ‘पिस्तूल ऑटो ९ मिलिमीटर १ए’ हे १९३५ च्या ब्राउनिंग पिस्तुलाचे ईशापूर येथे तयार झालेले रूप असून त्यात तेरा काडतुसे मावतात. सेनेची कार्बाइनही याच काडतुसाची होती. एकच काडतूस दोन हत्यारांना चालल्याने पुरवठा सोपा होतो, नियंत्रणात राहील एवढाच धक्का बसतो, आणि अधिक काडतुसे जवळ बाळगता येतात. कमरेला लावावयाच्या पिस्तुलाची निवड या तीन गोष्टींच्या तडजोडीतून होते. व्यास हा त्यांतील केवळ एक घटक होय.

भाषेचा प्रश्न येथे कायद्याला येऊन भिडतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील १९६२ च्या नियमांनी लष्करी ९ मिलिमीटर, ०.३८० आणि ०.४५५ यांची काडतुसे ज्यांत चालू शकतात अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे निराळ्या, अधिक कडक वर्गात घातली. सरकारी काडतूस चोरून खाजगी हत्यारात वापरता येऊ नये, हा त्यातील विचार. भारतात नागरिकांच्या हाती ०.३२ चेच पिस्तूल प्रामुख्याने का दिसते, याचे उत्तर या वर्गवारीत आहे, ०.३२ च्या कोणत्याही गुणात नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ प्रमाणे साधे शस्त्र विनापरवाना बाळगल्यास दोन ते पाच वर्षे, तर निषिद्ध शस्त्र बाळगल्यास सात ते चौदा वर्षे कारावासाची तरतूद आहे. अर्थात अंतिम निर्णय शस्त्रतज्ज्ञाच्या तपासणीवर होतो. पण तपासाची दिशा, जामिनाचा प्रश्न आणि वृत्तपत्रातील पहिली बातमी ही पंचनाम्यातील शब्दांवर उभी असतात. ‘९ चे पिस्तूल’, ‘९ बोर’, ‘३८ बोर’ अशी सैल वर्णने एखाद्या माणसाच्या आयुष्यातील वर्षांशी खेळू शकतात.

यावर उपाय अवघड नाही, आणि त्याला नवे संस्कृत शब्द घडवण्याची गरजही नाही. ‘बोर’ हा शब्द शिशाच्या गोळ्यांच्या हिशेबाने मोजल्या जाणाऱ्या बंदुकीपुरता राखावा. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांच्या बाबतीत ‘नळीचा व्यास’ म्हणून आकडा दशांशचिन्हासह आणि एककासह लिहावा : ०.३२ इंच, ९ मिलिमीटर. त्यापुढे काडतुसाचे पूर्ण नाव द्यावे, त्याचे कवच कडेचे की बिनकडेचे ते सांगावे, आणि काडतुसाच्या बुडावर कोरलेली अक्षरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत. चार शब्द अधिक लागतील. परंतु ज्या मजकुरावर दोन वर्षे की सात वर्षे हे अवलंबून असू शकते, त्यात एका टिंबाची काटकसर परवडण्यासारखी नाही.