पाट्याखालचं पुस्तक

सकाळी ७.५०. मलकापूर सोडून आंबा घाटाकडे निघालं की लागणारं एक गाव. जुलैचा पाऊस. वाचनालयाचं कुलूप अडकलंय. ग्रंथपाल बाई त्यात खोबरेलाचे दोन थेंब सोडतात. दार फुगलंय, खांदा लावून ढकलायचं. आधी फरशी पुसायची, मग कपाटं उघडायची. भिंतीची ओल चढू नये म्हणून कपाटं वीतभर पुढं ओढलेली.

८.१५. "बाई, पुढारी आला न्हवं?"
"एसटीच यायचीय, आबा."
आबा कालचाच उघडतात. आजचा आला की पानं सुटी होतात आणि एक पेपर चौघं वाचतात. निधनाच्या बातम्या आधी.

९.००. शाळेला जाता जाता तीन पोरं. पावनखिंडीवर लिहून न्यायचंय. दरवर्षी १३ जुलै आली की हे ठरलेलं. १६६०, पन्हाळा, सिद्दी जौहर, बाजीप्रभू, सगळं बाईंना तोंडपाठ. पण त्या पुढचंही सांगतात. विशाळगड पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचा. १८४४ ला गडकऱ्यांनी बंड केलं, मग इंग्रजांनी गडाची तटबंदी पाडली आणि जहागिरीचा कारभार मलकापुरात आला.
"म्हणून बाजार मलकापूरला व्हय, मॅडम?"
"असंल की. लिही आधी."

१०.००. एका कादंबरीचा कणा सुटलाय. घरून डब्यातनं मैद्याची खळ आणलीय, चिमूटभर मोरचूद घातलेली. नाहीतर झुरळं आधी खळ खातात, मग पुस्तक. बाई जुना कागद ओल्या फडक्यानं भिजवून नखानं खरवडतात. बोटानं खळ लावतात, जाळीचं कापड ताणून बसवतात. वर्तमानपत्रात गुंडाळून वर पाटा ठेवतात. पाटा घरचाच. मिक्सर आल्यापासून इथं असतो.

ग्रंथालयांचा कायदा कोल्हापूर संस्थानानं १९४५ लाच केला, राज्याचा आला १९६७ ला. बाईंना पाठ असलेला आकडा वेगळा आहे. २०२२ च्या वाढीनंतर ड वर्गाच्या वाचनालयाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांचं ४८ हजार झालं. त्यातलं निम्मं पगाराला. म्हणजे महिन्याला दोन हजार, तेही दोन हप्त्यांत. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, पेपर, वीजबिल आणि हे जाळीचं कापड.

११.००. कुलूप.

दुपारी १.३०. घरी शिलाई मशीन. साडीला फॉल-पिको. आज तीन साड्या. पगाराचा हप्ता येईपर्यंत किराणा यातनं चालतो.

संध्याकाळी ५.००. पोलीस भरतीची पोरं येतात, सकाळी पळून पाय भरलेले. एकाच गाइडवर दोघं. पुस्तक घरी न्यायला मिळत नाही, म्हणून वहीत उतरवून घेतात. वीज जाते. मोबाईलची बॅटरी पेल्याला टेकवून अभ्यास पुढं चालू.

६.१०. आबा परत. पेपर वाचायला नाही, बोलायला. बाई दोनशे पानी वही काढतात. गावातल्या जुन्या विहिरी, कुणाचा वाडा कुठं होता, गडाकडं जाणारी बैलगाडीची वाट. आबा सांगतात, बाई उतरवतात. मधेच आबा थांबतात. "ह्ये खोड. ती विहीर आमची न्हवं, भावकीची." बाई खोडतात.

या वहीला अजून दाखल क्रमांक नाही. दाखल नोंदवहीत किमतीचा रकाना असतो. तिथं काय लिहायचं, हे बाईंचं ठरत नाही. वहीचे पंचेचाळीस रुपये लिहायचे?

७.१५. आजची जमा: वर्गणी वीस, दंड दोन रुपये. बाई पाटा उचलून बघतात. कणा अजून ओला. पाटा पुन्हा ठेवतात, त्यावर वही, आणि दार खांद्यानं ओढून लावतात.